घटक ४ : ए. एम. टी. जॅक्सन – कोकणच्या लोकसमजुतींचे संग्राहक

४.१ प्रास्ताविक

जॅक्सन हे नाव तुम्ही शाळेतच ऐकलेले आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत लक्ष्मण कान्हेरे या तरुणाने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, एवढ्या एका वाक्यात हा माणूस आपल्या पाठ्यपुस्तकांत येतो आणि त्याच वाक्यात संपतो. ज्या शहरात आपले मुक्त विद्यापीठ उभे आहे, त्याच शहरातील ही घटना आहे. परंतु लोकसाहित्याच्या अभ्यासक्रमात जॅक्सन यांचे चरित्र का यावे, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला नाशिक सोडून सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरावे लागेल. पेण, रोहे आणि त्यांच्या आसपासच्या गावांतील मराठी शाळांपर्यंत जावे लागेल.

प्रारंभीच एक खुलासा करतो. मराठीत आदरार्थी बहुवचन कोणाला द्यावे, हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नसतो. हुतात्म्यांच्या चरित्रांत जॅक्सन 'तो' असतो. संशोधनाच्या ग्रंथांत तोच 'ते' होतो. या घटकात मी जॅक्सन यांना आणि कान्हेरे यांना, दोघांनाही आदरार्थी रूप दिले आहे. हे रूप तुमच्या कानाला खटकले, तर ते का खटकले याचा विचार करा. तोही या घटकाच्या अभ्यासाचाच भाग आहे.

४.२ अधिकारी आणि पंडित

आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन यांचा जन्म १८६६ चा. ऑक्सफर्डला शिक्षण घेऊन ते हिंदुस्थानच्या मुलकी सेवेत दाखल झाले आणि मुंबई इलाख्यात नेमले गेले. त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्याला देशी भाषेची परीक्षा द्यावीच लागे. बहुतेकांची देशी भाषा त्या परीक्षेपुरती असे. जॅक्सन यांचे तसे नव्हते. संस्कृतचा त्यांचा व्यासंग खरा होता, आणि त्यामुळेच नाशिककडे त्यांना 'पंडित जॅक्सन' म्हणत असत. त्या विशेषणात कौतुक किती आणि उपरोध किती, हे सांगणारा त्यानुसार बदलत असावे.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पहिला खंड १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गुजरातचा प्राचीन इतिहास आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी आयुष्यभर शिलालेख व नाणी तपासून त्याची सामग्री जमवली होती; परंतु १८८८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे राहिलेल्या टिपणांना ग्रंथरूप देण्याच्या कामात जॅक्सन यांचा वाटा होता. दुसऱ्याने जमवलेली आणि त्याच्या मृत्यूमुळे अपुरी राहिलेली सामग्री हाती घेण्याचा हा प्रसंग लक्षात ठेवा. पुढे जॅक्सन यांच्या स्वतःच्या कागदांच्या वाट्याला हेच आले.

४.३ प्रश्नावली आणि शाळामास्तर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये लोकविद्येच्या अभ्यासाला मोठा बहर आला. लंडनची फोकलोअर सोसायटी १८७८ मध्ये स्थापन झाली. जेम्स फ्रेझर यांच्या 'द गोल्डन बाउ' या ग्रंथाची पहिली आवृत्ती १८९० ची. खेड्यातील माणूस जे विधी करतो, जे अपशकुन मानतो, ते अतिप्राचीन धर्माचे उरलेले अवशेष होत, अशी या अभ्यासकांची धारणा होती. युरोपात हे अवशेष विझत चालले आहेत, हिंदुस्थानात मात्र ते जिवंत आहेत, असेही त्यांना वाटे. याच दृष्टीने विल्यम क्रूक या मुलकी अधिकाऱ्याने उत्तर हिंदुस्थानातील लोकधर्मावर ग्रंथ लिहिला. निसर्गदेवता, वीरपुरुष, रोगदेवता, पितर, अतृप्त मृतात्मे, दृष्ट, वृक्ष व सर्प, आणि चेटूक अशी त्याची मांडणी होती.

जॅक्सन यांनी हीच दिशा घेतली. मुंबई इलाख्यातील लोकसमजुतींची माहिती मिळवण्यासाठी त्यांनी प्रश्नावली फिरवली आणि ती मुख्यतः खेड्यांतील शाळामास्तरांकडून भरून घेतली. या पद्धतीचे मर्म समजून घ्या. कलेक्टर स्वतः पाड्यावर जाऊन बसला असता, तर त्याला उत्तर मिळाले नसते, कारण त्याच्याबरोबर शिपाई असते आणि शेतसाऱ्याची भीती असती. शाळामास्तर गावातच राहत होता. कोणाच्या घरी पाचवी पुजली, कोणाच्या अंगात आले, अमावास्येला तिवाठ्यावर उतारा कोणी ठेवला, हे त्याला विचारल्याशिवाय कळत असे. त्याला लिहिता येत होते. आणि सरकारी कागदाला उत्तर देणे हे त्याच्या नोकरीचेच अंग होते.

कुलाबा जिल्ह्यातूनही अशी उत्तरे गेली. आजचा रायगड जिल्हा तो हाच. त्याचे नाव १९८१ मध्ये बदलले. छापील ग्रंथात प्रत्येक माहितीखाली ती देणाऱ्याचा निर्देश आहे, आणि तेथे चौक, पोयनाड, रोहे तालुक्यातील मेढे अशी गावे वारंवार भेटतात. पोयनाड म्हणजे पेणहून अलिबागकडे जाताना लागणारे बाजाराचे गाव. मात्र निर्देश कसा आहे, तेही पाहा. बहुतेक ठिकाणी व्यक्तीचे नाव नाही. फक्त 'शाळामास्तर' आणि त्यापुढे गाव व जिल्हा. ज्या गृहस्थांनी दिव्याच्या उजेडात बसून आपल्या गावाची भुतेखेते कागदावर उतरवली, ते हुद्द्याच्या रूपाने उरले.

या मास्तरांचे जग कोणते होते? पेणच्या बाजूला धरमतरच्या खाडीलगत खारजमिनी आणि मिठागरे, तेथे आगरी आणि कोळी वस्ती. रोह्याकडे कुंडलिकेच्या काठची भातशेती. दोन्हीकडे डोंगराच्या अंगाला कातकरी आणि ठाकूर यांच्या वाड्या. रोह्याचे ग्रामदैवत धावीर. दसऱ्यानंतर निघणाऱ्या त्याच्या पालखीला आजही पोलिसांची मानवंदना असते. सरकार आणि देव यांचे इतके उघड सख्य तुम्हाला फार ठिकाणी दिसणार नाही. या सगळ्या वस्तीत देवस्की, करणी, दृष्ट, बाधा या गोष्टी होत्या. परंतु त्या विद्येची मालकी नेहमी दुसऱ्या कोणाकडे तरी असे. कातकरी आणि ठाकूर मंत्रतंत्र जाणतात, हा सखल भागातील गावांचा समज होता, आणि त्या काळच्या सरकारी ग्रंथांतही तो उतरला. खैराच्या झाडापासून कात काढून जगणारा, जंगलाच्या कायद्यांनी ज्याचे जंगल तोडले तो समाज गावकऱ्यांच्या डोळ्यांत मात्र सामर्थ्यवान होता. गावाला ज्याचे देणे लागते, त्याची गावाला भीतीही वाटते, असे मला या नोंदी वाचताना वाटत आले आहे. हे माझे अनुमान आहे. ग्रंथात ते नाही.

४.४ एका शब्दाखाली अनेक शब्द

आता भाषेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. प्रश्नावलीतील कल्पना इंग्रजीत घडलेल्या होत्या. उत्तर देणारा मास्तर मराठीत विचार करत होता. छापील ग्रंथ पुन्हा इंग्रजीत झाला. या प्रवासात 'विच' या एका शब्दाखाली काय काय गोळा झाले असेल, त्याची कल्पना करा.

कोकणात चेटकीण ही जिवंत बाई असते. हडळ ही मेलेल्या बाईचे भूत असते, आणि तिची पावले उलटी असतात. बाळंतपणात दगावलेली ती अळवंत. मुंज झाली, परंतु सोडमुंज होण्यापूर्वीच जो मुलगा वारला, तो मुंजा. त्याचे घर पिंपळावर. वासना राहिलेला ब्राह्मण तो समंध. पाण्यात माणसाला चकवणारा तो गिऱ्हा. या साऱ्यांचा राजा वेताळ. म्हणजे येथील माणसाच्या मनात मृत्यूच्या प्रत्येक प्रकाराला, वयाला आणि जातीलाही वेगळे नाव होते. मृतांची ही जणू खानेसुमारीच होती. इंग्रजीत हे सारे 'विच' आणि 'घोस्ट' या दोन खणांत बसवावे लागते, आणि बसवताना कडा घासल्या जातात. जॅक्सन यांच्या संग्रहाची थोरवी अशी की, मूळ मराठी शब्द तेथे बहुधा टिकून आहेत. संस्कृत जाणणाऱ्या माणसाला शब्दाचे मोल कळत होते.

काही शब्दांची वंशावळ पाहू. जखीण म्हणजे मूळची यक्षिणी. प्राचीन शिल्पांत झाडाची फांदी धरून उभी असलेली, धनाची आणि सुफलतेची देवता. डाकीण म्हणजे डाकिनी. बौद्ध तंत्रमार्गात तिला केवढी प्रतिष्ठा होती! डोहाकाठच्या साती आसरा म्हणजे अप्सरा. सटवाई म्हणजे षष्ठी. बाळाच्या सहाव्या दिवशी नशीब लिहायला येते ती. तिची पूजाही होते, तिची भीतीही वाटते आणि 'सटवी' ही शिवीही आहे. एखाद्या शब्दाचा अर्थ कालांतराने हीन होत जातो, त्याला आपण अर्थापकर्ष म्हणतो. त्याची इतकी ठळक उदाहरणे मराठीत अन्यत्र क्वचितच सापडतील.

आणि येथेच सावध व्हा. नेमक्या अशाच उदाहरणांवरून इंग्लंडात एक मोठा तर्क उभा राहिला. मार्गारेट मरे या विदुषीने (त्यांचा जन्म १८६३ मध्ये कलकत्त्याचा) १९२१ मध्ये असे प्रतिपादन केले की, युरोपात ज्यांना चेटकिणी म्हणून मारले, त्या ख्रिस्तपूर्व प्राचीन धर्माच्या उपासक होत्या. इतिहासकारांनी हे मत पुराव्याअभावी नाकारले. तरीही ते मेले नाही. जेराल्ड गार्डनर या निवृत्त अधिकाऱ्याने त्याच मताच्या आधाराने एक नवा उपासनापंथ पुढे आणला. इंग्लंडात चेटूकविरोधी जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनर यांचे त्या पंथावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याला प्रस्तावना मरे यांचीच होती. 'विका' या नावाने ओळखला जाणारा हा पंथ आज युरोप-अमेरिकेत आहे. जमिनीवर आखलेले वर्तुळ, सुरी, पेला, चंद्राच्या कला, केरसुणी ही त्याची प्रतीके आहेत, आणि त्यांतील पुष्कळशी लोकविद्येच्या जुन्या संग्रहांतून उचललेली आहेत. म्हणजे अभ्यासकाने वहीत टिपलेली समजूत पन्नास-साठ वर्षांनी कोणाची तरी उपासना झाली.

या प्रतीकांशेजारी पेण-रोह्याची प्रतीके ठेवून पाहा. केरसुणी युरोपात चेटकिणीचे वाहन आहे. आपल्याकडे ती लक्ष्मी आहे, तिला पाय लागला तर नमस्कार करतात, आणि बाधा झाडायलाही तीच घेतात. लोखंडाची भीती भुतांना दोन्हीकडे वाटते. तिकडे दारावर घोड्याची नाल असते, इकडे बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा अडकित्ता. मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या की दृष्ट उतरते. पेणच्या माणसाला त्यासाठीचे मीठ आपल्याच मिठागरातून मिळे. मुलाच्या गालावरचे काजळाचे बोट, मनगटातला काळा मणी, दाराला टांगलेला बिब्बा ही सारी संरक्षणाची चिन्हे आहेत. भगत तांदूळ पाहून बाधा कोणाची ते सांगतो. तिवाठा, म्हणजे तीन वाटा मिळतात ती जागा, इकडे उताऱ्याची असते. प्राचीन ग्रीसमध्ये हेकाटी देवीचा नैवेद्यही तेथेच ठेवत. साम्य इतके आहे की, मरे यांचा मोह आपल्यालाही व्हावा.

परंतु एक भेद असा आहे की तो केवळ प्रतीकांची यादी करून दिसत नाही. तो व्याकरणात दिसतो. विका पंथातील स्त्री स्वतःविषयी सांगते की ती चेटकीण आहे. कोकणात 'चेटकीण' हा शब्द प्रथमपुरुषात येत नाही. भगत स्वतःला भगत म्हणवतो, देवऋषी स्वतःला देवऋषी म्हणवतो. चेटकीण मात्र नेहमी तृतीयपुरुषी असते. ती कोणीतरी दुसरी, शेजारची, विधवा, एकटी असते. जॅक्सन यांच्या संग्रहातील चेटकाविषयीची माहिती या दृष्टीने पुन्हा वाचून पाहा. ती काय करते, कोठे जाते, तिला कसे ओळखावे, तिचा उपाय काय, हे सारे आहे. सांगणारा मास्तर आहे. मास्तराला सांगणारा गाव आहे. तिचे स्वतःचे म्हणणे कोणीच विचारलेले नाही, कारण प्रश्नावलीत तो प्रश्नच नव्हता. जखीण मूळची यक्षिणी होती, हे शब्दाच्या इतिहासावरून सिद्ध होते. गावाने जिला चेटकीण ठरवले, ती यक्षिणीची उपासक होती, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. शब्दाची वंशावळ आणि माणसाची वंशावळ एक नसते.

बोलीच्या अभ्यासासाठी रोह्याच्या बाजूला फिरताना मला असे आढळले की, वयस्क बायका हा शब्द उच्चारायचेच टाळतात. 'बाहेरचं', 'लागीर', किंवा नुसतेच 'ते' असे म्हणून हाताने डोंगराकडे खूण करतात. शब्द उच्चारला की तो कोणावर तरी जाऊन बसतो, हे त्यांना कोणत्याही भाषाशास्त्रज्ञापेक्षा अधिक चांगले कळते.

४.५ नाशिक

जॅक्सन यांच्या कारकिर्दीचा शेवटचा टप्पा नाशिकचा. तेथे ते जिल्हाधिकारी आणि जिल्हा दंडाधिकारी होते. बाबाराव सावरकरांनी प्रसिद्ध केलेल्या कवितांबद्दल त्यांच्यावर खटला झाला, आणि जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तो खटला पुढे पाठवणारे अधिकारी जॅक्सन होते. ज्यांना जुन्या देवतांची गाणी आणि समजुती जमवून ठेवाव्याशा वाटत होत्या, त्यांच्याच कचेरीतून नव्या गाण्यांच्या प्रकाशकाला अंदमानची वाट दाखवली गेली. या विसंगतीला मी व्यक्तीचा दोष म्हणणार नाही, परंतु तिच्याकडे डोळेझाकही करता येणार नाही. लोकांचे जे गतकाळाचे होते, ते राज्याला जपण्यासारखे वाटे. जे वर्तमानाचे होते, त्याची भीती वाटे.

डिसेंबरमध्ये त्यांची मुंबईला बदली झाली. त्यांना निरोप देण्यासाठी विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळीचा 'संगीत शारदा'चा प्रयोग ठरला होता. देवलांचे ते नाटक त्यांना पाहायला मिळाले नाही. कान्हेरे वयाने अगदीच लहान होते. तेही मूळचे कोकणातलेच, रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातले. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी देण्यात आले. त्यानंतरचे खटले, सावरकरांची अटक आणि त्यांना झालेल्या शिक्षा हा इतिहास तुम्ही अन्य अभ्यासक्रमात वाचला आहे. येथे त्याची पुनरुक्ती करत नाही.

४.६ मागे राहिलेले कागद

जॅक्सन गेले तेव्हा शाळामास्तरांची उत्तरे छापली गेलेली नव्हती. ती रेजिनाल्ड एडवर्ड एन्थोवेन यांच्या हाती आली. एन्थोवेन (१८६९–१९५२) यांनी मुंबई इलाख्याच्या १९०१ च्या जनगणनेचे काम पाहिले होते. जातीजमातींवरील त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ पुढे १९२० ते १९२२ या काळात प्रसिद्ध झाला. त्यांनी जॅक्सन यांच्या सामग्रीची क्रूक यांच्या धर्तीवर मांडणी केली. गुजरातचा खंड १९१४ मध्ये आणि कोकणचा १९१५ मध्ये निघाला. शीर्षकपृष्ठावर संकलक म्हणून एन्थोवेन यांचे नाव आहे आणि सामग्री दिवंगत जॅक्सन यांनी जमवल्याचा उल्लेख आहे. १९२४ मध्ये याच विषयावर एन्थोवेन यांचा स्वतंत्र ग्रंथ ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाला.

कोकणच्या लोकधर्मावर नंतर ज्यांनी ज्यांनी लिहिले, त्यांना या खंडाकडे वळावे लागले. शंभर वर्षांपूर्वी कुलाब्याच्या खेड्यांत काय मानले जात होते, याचा गावोगावचा इतका तपशील दुसरीकडे मिळत नाही. परंतु तो वापरताना तो कोणत्या प्रश्नांची उत्तरे आहे, हे विसरता कामा नये. नोंद आणि आरोप यांच्यात अंतर ठेवण्याची सवय लावून घ्या. जॅक्सन यांच्या खंडात जे वाक्य निरुपद्रवी माहिती म्हणून छापले आहे, तेच वाक्य एखाद्या वाडीत एखाद्या बाईविषयी उच्चारले गेले तर तिला गाव सोडावे लागते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा अमलात आला. अमुक व्यक्ती करणी करते असे जाहीर करून तिचे जगणे अवघड करणे, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. कायद्याने येथे समजुतीला हात घातलेला नाही, तर त्या तृतीयपुरुषी वाक्याला हात घातला आहे.

स्वाध्याय

तुमच्या गावातील किंवा नात्यातील एखाद्या वृद्ध स्त्रीकडून दृष्ट काढण्याची रीत समजून घ्या आणि तिच्याच बोलीत लिहून काढा. कोणती वस्तू, किती वेळा, कोणत्या हाताने, नंतर ती कोठे टाकतात, हा तपशील सोडू नका. ती जे शब्द टाळते, त्यांच्या जागी काय योजते, तेही टिपा. माहिती देणारीची परवानगी असेल तर तिचे नाव वर लिहा; 'आजी, रोहे' एवढ्यावर भागवू नका. इतर कोणावर करणीचा आरोप होईल असे काही तिने सांगितले, तर तेवढा भाग वहीत उतरवू नका.